भाग एकशे त्रेसष्ट

पट्टीचं म्हणणं होतं की ‘यान बारा’चा एकशे त्रेसष्टावा भाग भालचंद्ररावांनी पूर्वी पाहिलेला आहे. वैजयंतीबाईंनी टॅबवरचा आकडा दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. एकसष्ट टक्के.

“काकू, भारीच की!” पडद्यावरून रेश्मा मुल्ला म्हणाली. कराडच्या स्मृती-मापन केंद्रात ती तंत्रज्ञ होती, आणि तिच्या पेशंटांचे आकडे वर गेले की तिला स्वतः परीक्षा पास झाल्यासारखा आनंद होई. “सेहेचाळीस वर्षांपूर्वीचं एवढं लख्ख! डॉक्टरांना दाखवते मी.”

“दाखव,” वैजयंतीबाई म्हणाल्या आणि टॅब पालथा ठेवला.

भालचंद्रराव व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. सकाळपासून तेच पान.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या विसराळूपणाला डॉक्टरांनी नाव दिलं, तेव्हा त्यासोबत ही पट्टीही घरी आली. कपाळाभोवती बांधायची, आतून मऊ, वजनाला काहीच नाही. वैजयंतीबाईंनी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं होतं, त्यामुळे माहितीपुस्तिका त्यांनी शेवटपर्यंत वाचली. पूर्वी भेटलेली गोष्ट पुन्हा समोर आली की एक तृतीयांश ते अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. आपण मनाशी ‘ओळखीचं आहे’ म्हणायच्याही आधी. ती लाट दाबता येत नाही, आणि नसेल तर आणताही येत नाही. प्रत्येक भागाआधी पट्टी बांधलेल्या माणसाला चाळीस तुकडे दाखवायचे, त्यांत तेवढेच बनावट तुकडे मिसळायचे. तशाच चेहऱ्यांचे, तशाच आवाजांचे, संगणकानं हुबेहूब रचलेले, पण कधीच प्रसारित न झालेले. खऱ्या तुकड्यांना उठलेल्या लाटा आणि खोट्यांना उठलेल्या लाटा यांतला फरक म्हणजे तो आकडा. मग बक्षीस म्हणून पूर्ण भाग पाहायचा.

मालिकाच का? कारण तिला तारखा असतात. माणसाच्या बाकी आठवणींवर तारीख छापलेली नसते. पण ‘यान बारा’ अकरा वर्षं, दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता लागत होती, आणि त्या वयाच्या सगळ्या माणसांनी ती पाहिली होती. भागामागून भाग दाखवत गेलं की कुठल्या वर्षापर्यंतची स्मृती शाबूत आहे, हे झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसं मोजता येतं.

मालिका तशी गरिबीतलीच. यानाच्या नियंत्रणफलकावर कुकरच्या शिट्ट्या बसवलेल्या, आणि बंब्या नावाचा यंत्रमानव चक्क न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाचा केलेला. पहिले काही आठवडे दोघं खूप हसले होते. हे असं शेजारी बसून हसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग एकशे त्रेसष्ट आला. शीर्षकाच्या मागोमाग बंब्या लोणच्याची रिकामी बरणी घेऊन पळताना दिसला. तो भाग त्यांना ओळखायला पट्टीची गरज नव्हती. दोघांनी भाग शेवटपर्यंत पाहिला. आणि आज हा आकडा.

कारण त्या गुरुवारी, आठ ते साडेआठ, भालचंद्रराव टीव्हीसमोर नव्हते. निदान सेहेचाळीस वर्षं त्या असं धरून चालल्या होत्या. तेव्हा ते केळशेतच्या जलविद्युत प्रकल्पात ऑपरेटर होते, आणि त्या संध्याकाळी नियंत्रण कक्षात त्यांची ड्यूटी होती. लग्नाला सहा महिने झालेले. वैजयंतीचा धाकटा भाऊ उदय त्याच प्रकल्पात फिटर म्हणून लागला होता. दोन नंबरच्या टर्बाइनभोवतीच्या पोलादी नळीत तो दुरुस्तीला उतरला होता. माणूस आत असेपर्यंत नियंत्रण कक्षात त्या यंत्राच्या खटक्यावर लाल पाटी लटकायची, आणि ज्यानं ती लावून घेतली त्यानंच सही करून ती काढायची. उदयनं सात चाळीसला सही केली, पाटी उतरली. आठ वाजून बारा मिनिटांनी भालचंद्ररावांनी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. उदय तेव्हा पुन्हा आत होता.

चौकशी झाली. भालचंद्रराव म्हणाले, मी जागेवर होतो, सही माझ्यासमोर झाली. अहवालात ‘मयताचा निष्काळजीपणा’ असे दोन शब्द आले. आई ते दोन शब्द मरेपर्यंत पुटपुटत होती. आणि थोरली बहीण शैलजा, म्हणजे आक्का, तेराव्याला सगळ्यांदेखत म्हणाली, “तुझा नवरा जागेवर नव्हता, वैजे. सही नंतर कुणीतरी केलीय.” त्या दिवसानंतर आक्कानं त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. वैजयंतीबाईंनी नवऱ्यावर विश्वास ठेवला, बहीण सोडली.

आणि आता एकसष्ट टक्के.

चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “परवाचा भाग कसा वाटला तुम्हाला?”

“कुठला?”

“लोणच्याचा. बंब्याचा.”

भालचंद्ररावांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते जरा जास्तच वेळ बुडालं आणि तुटलं. “बरा होता की.”

“आधी पाहिला होता तुम्ही?”

“असेल. एवढे भाग झाले. कुठं लक्षात राहतंय.”

मग ते उठले, कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि विसळून ठेवला. लग्न झाल्यापासून त्यांनी स्वतःचा कप कधी विसळला नव्हता.

वैजयंतीबाईंनी रेश्माला फोन लावला. “हा भाग नंतर पुन्हा कधी दाखवला होता का गं? सुट्टीत वगैरे?”

“नाही ना काकू, तीच तर मजा! तेव्हा टेपा महाग. हा भाग एकदा लावला आणि टेप पुसून त्यावर कबड्डीच्या मॅच घेतल्या. मिरजेला एका लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या ट्रंकेत घरी रेकॉर्ड केलेली कॅसेट निघाली चार वर्षांपूर्वी. म्हणजे काकांनी त्याच दिवशी बघितला असणार. दुसरा चान्सच नाही.”

दुसरा चान्सच नाही. हे वाक्य घेऊन वैजयंतीबाई आठवडाभर घरात वावरल्या. नवऱ्याकडे त्या नव्यानं पाहू लागल्या. कुलूप दोनदा ओढून बघणारा, गॅस बंद आहे का ते तीनदा विचारणारा हा माणूस. इतकी वर्षं त्यांना हा स्वभाव वाटत होता. आता वाटू लागलं, एखाद्याच्या हातून काय निसटलं असेल म्हणजे तो असा होतो? केळशेतच्या वसाहतीतल्या क्लबमधला टीव्ही नियंत्रण कक्षापासून चालत सात मिनिटांवर. क्लबमध्ये त्या स्वतः होत्या, तिथं ते नव्हते. पण साहेबांच्या बंगल्यातही टीव्ही होता. गेटावरच्या केबिनमध्येही एक छोटा होता.

एका दुपारी औषधाची गोळी हातावर ठेवताना त्यांनी विचारलं, “त्या दिवशी तुमच्या जागेवर थोडा वेळ दुसरं कुणी बसलं होतं का हो?”

“कुठल्या दिवशी?”

“उदयच्या दिवशी.”

त्यांनी गोळी गिळली. पाणी पूर्ण प्यायले. “नाही. मी जागेवर होतो.”

चौकशी समितीपुढे म्हटलेलंच वाक्य, त्याच सुरात. काल दुपारी काय जेवलो ते न आठवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते इतकं घोटीव वाटलं की वैजयंतीबाईंनी मान फिरवली.

शनिवारी रेश्मा पट्टीची सफाई करायला घरी आली. हातानं काम, तोंडानं बोलणं. “काकांसारखेच एक आजोबा आहेत काकू, ओगलेवाडीला. जन्मापासून दिसत नाही त्यांना. आणि ‘यान बारा’चा स्कोअर किती? सत्तर! घरचे सगळे बघायचे, हे ऐकायचे. बंब्याची नक्कल अशी करतात…”

वैजयंतीबाईंचा हात बशीवरच थांबला.

इतके दिवस त्या ‘पाहिला’ हाच शब्द धरून बसल्या होत्या. आणि आता समोर उभा राहिला तो क्लबच्या भिंतीवरचा काळा टेलिफोन. प्रकल्पाचा आतला फोन. क्लब, गेट, यंत्रघर, नियंत्रण कक्ष, सगळं जोडणारा. संध्याकाळच्या ड्यूटीवरच्या ऑपरेटरला जागा सोडता येत नसे. म्हणून दर गुरुवारी आठला दोन मिनिटं कमी असताना कुणीतरी नियंत्रण कक्षाचा नंबर फिरवायचं आणि रिसीव्हर टीव्हीच्या स्पीकरपाशी स्टुलावर ठेवून द्यायचं. तिकडे ड्यूटीवरचा माणूस कानाला लावून ऐकायचा. नियमाला धरून नव्हतं, पण सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. आणि भालचंद्ररावांची ड्यूटी असली की ते ‘कुणीतरी’ म्हणजे नवी नवरी वैजयंती असायची. बायका चिडवायच्या, “घास भरव एकदाचा फोनवरनं!” जेमतेम सहा महिने ती हे करत होती. त्या गुरुवारीही केलं होतं. त्यानंतर कधीच नाही, आणि त्या रात्रीपुढे ती अर्ध्या मिनिटाची गोष्ट कुणाच्या लक्षात राहणार?

“रेश्मा,” त्या म्हणाल्या, “ते चाळीस तुकडे. त्यांत नुसतं चित्र, नुसता आवाज असे वेगळे असतात ना?”

“असतात. दहा मुके, दहा काळ्या पडद्यावर नुसता आवाज, वीस दोन्ही. रिपोर्टात एकत्र येतं.”

“एकशे त्रेसष्टचे मला वेगळे काढून दे. पहिल्या वेळेची नोंद हवी. आता त्यांनी भाग पाहिलाय, आता पुन्हा मोजून उपयोग नाही.”

रेश्मानं त्यांच्याकडे जरा आदरानं पाहिलं आणि टॅब उघडला. बोटं फिरली. “मुके… सहा टक्के. म्हणजे काहीच नाही. नुसता आवाज… अगं बाई. ऐंशी. दोन्ही असलेले एकोणऐंशी.” तिनं वर पाहिलं. “काकांनी हा भाग पाहिलेलाच नाही. ऐकलाय. पण असं कसं?”

“असं होतं आमच्याकडे,” वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि रेश्माला वाटलं कौतुकानंच. रिसीव्हर कानाला असेल तर माणूस फोनपाशी होता. फोन नियंत्रण कक्षाच्या मेजावर होता. ते जागेवर होते.

रेश्मा गेल्यावर त्या व्हरांड्यात जाऊन नवऱ्याशेजारी बसल्या.

“मला तुमची माफी मागायचीय.”

“का? काय हरवलंस?”

“हसू नका. आठ दिवस मी तुमच्यावर संशय घेतला.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. आकडा, मिरजेची कॅसेट, सहा आणि ऐंशी. शेवटी म्हणाल्या, “तुम्ही जागेवरच होतात. आता हे आक्कालाही सांगता येईल. कागदावर आहे.”

त्यांना वाटलं होतं ते सुस्कारा सोडतील. भालचंद्ररावांनी पेपराची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली.

“आक्काला नको सांगूस.”

“का?”

“आहे ते बरं आहे. माझ्यावर राग आहे, तो असू दे.”

“अहो, पण तुमची बाजू…”

“वैजू, लाइन चालू होती.”

“हो, तेच म्हणते मी. लाइन चालू होती म्हणजे…” आणि त्या थांबल्या.

मेजावर फोन दोन. एक बाहेरचा, राज्यभरची वीज जिथून वाटली जाते तिथला. दुसरा आतला. आतला एकच.

“तो आत कसा गेला, हे कुणालाच कळलं नाही, असं अहवालात आहे,” त्या हळू म्हणाल्या. “तुम्हाला कळलं होतं?”

“पाना विसरला होता आत. तेवढ्यासाठी परत लाल पाटी मागायला वर यायचं म्हणजे एकशे दहा पायऱ्या. त्यानं खालून फोन केला असणार. एंगेज लागला.” भालचंद्रराव आज एकही शब्द शोधत नव्हते. “गुरुवारी आठनंतर एंगेज लागला की पोरं काय म्हणायची? ‘ऑपरेटर यानात बसलाय, साडेआठपर्यंत पृथ्वीवर येत नाही.’ एंगेज म्हणजे कुणी काही चालू करणार नाही, हा खालच्या सगळ्यांचा हिशोब होता. मीच तसा लावून दिला होता. तीन वर्षं मी गुरुवारी त्या अर्ध्या तासात एक खटका दाबला नव्हता.”

“मग त्या दिवशी?”

“बाहेरचा फोन वाजला. कुठंतरी मोठा संच बंद पडला होता, दोन नंबर ताबडतोब द्या म्हणाले. पाटी उतरलेली होती, सही होती. एका कानाला ते, एका कानाला बंब्या. मी व्हॉल्व्ह उघडला.” त्यांनी पेपराच्या घडीवरून बोट फिरवलं. “खाली गेलो तेव्हा यंत्रघरातला रिसीव्हर दोरीला लोंबत होता. आतून तेच, टूं टूं टूं. मी तो उचलून जागेवर ठेवला. कुणी यायच्या आधी.”

समोरच्या बंगल्यातला माणूस झाडांना पाणी घालत होता. वैजयंतीबाई ती धार बघत राहिल्या.

“क्लबातला रिसीव्हर कुणी ठेवला होता, हे समितीनं विचारलं असतं,” त्या म्हणाल्या.

“पहिलं तेच विचारलं असतं.”

“म्हणून गप्प बसलात? माझं नाव येईल म्हणून?”

भालचंद्ररावांनी पेपर मांडीवर ठेवला. “माझी नोकरी गेली असती. कदाचित तुरुंगही. तुझं नाव आलं असतं, तुझ्या आईसमोर. दोन्ही होतं. आधी कुठलं मनात आलं…” त्यांनी कपाळ चोळलं, पट्टी असते तिथं. “खरंच आठवत नाही आता. पूर्वी आठवत असायचं.”

वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस खरोखर विसरला होता, की विसरणं आता त्याच्या सोयीचं होतं? पट्टी आत टेबलावर पडली होती, आणि तिचा इथं उपयोग नव्हता. दाखवलेलं, ऐकवलेलं ती ओळखते. हेतूचं चित्र कुठून आणून दाखवणार?

“तुम्ही मला तरी सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“सांगितलं असतं तर तू राहिली असतीस?”

“कुठं? तुमच्याबरोबर?”

“जिवंत,” भालचंद्रराव म्हणाले आणि पेपर पुन्हा उलगडला. तो उलटा होता.

सोमवारी त्या विट्याला गेल्या. आक्का आता एकटीच राहत होती, ऐंशीला टेकलेली, गुडघ्यांना दोन्हीकडून आधार देणारं यंत्र बांधून ठक ठक चालायची. दारात बहिणीला पाहून तिनं आधी मागे कोण आहे का ते बघितलं.

“एकटीच आलेय,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“तो बरा आहे?”

“विसरतात.”

“त्याचं बरं आहे,” आक्का म्हणाली. “आम्हाला नाही जमलं. बस.”

वैजयंतीबाईंनी घरून निघताना दोन वाक्यं ठरवली होती. पहिलं, ते जागेवर होते. तेवढं सांगून उठलं तरी चाललं असतं. खोटं काहीच नव्हतं त्यात. आक्काचा राग निवला असता, नवऱ्यावरचा डाग गेला असता, आणि कागद दाखवता आला असता. बसमध्ये सारा रस्ता त्यांनी ते एकच वाक्य मनात म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते चौकशी समितीपुढच्या वाक्यासारखं ऐकू आलं.

“आक्का, ते जागेवर होते. मी तपासलंय.” आणि श्वास न घेता, “उदयनं आत जायच्या आधी फोन केला होता. लाइन लागली नाही, कारण क्लबातला रिसीव्हर टीव्हीसमोर ठेवलेला होता. तो मी ठेवला होता.”

आक्काच्या गुडघ्याच्या यंत्रातून एक बारीक गुणगुण येत होती. तिनं बटण दाबून ती बंद केली.

“फोन केला होता त्यानं?”

“हो.”

“म्हणजे तसाच नाही घुसला.”

“नाही. विचारून जाणार होता.”

“आईला हे ऐकायला पाहिजे होतं,” आक्का म्हणाली. मग बहिणीकडे न बघता, “तो कार्यक्रम मिळतो का आता?”

“मिळतो.”

“लाव.”

“आक्का, कशाला…”

“लाव म्हणते ना. चाळीस वर्षं मी भलत्याच गोष्टीकडे बघत बसले. हे बघू दे.”

वैजयंतीबाईंनी टॅब तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. कुकरच्या शिट्ट्यांचा फलक उजळला. बंब्या बरणी घेऊन पळाला, कप्तान मागे धावली, बरणीतलं लिंबाचं लोणचं कुणी संपवलं यावर सारं यान भांडायला लागलं. आक्का कोपऱ्यातले आकडे पाहत होती. नऊ मिनिटं. दहा. अकरा.

“किती म्हणालीस? आठ बारा?”

“हो.”

बाराव्या मिनिटाला बंब्या आपल्या तांब्याच्या पोटावर हात ठेवून म्हणाला, ‘माझ्यावर आळ घेण्याआधी एवढं तरी बघा, मला तोंडच नाही!’

“हे चाललं होतं?” आक्कानं विचारलं. “तेव्हा, फोनमध्ये?”

“हेच.”

“तू हसली होतीस?”

“हो,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “सगळेच हसलो होतो. मी सगळ्यात मोठ्यानं. त्यांना तिकडे ऐकू जावं म्हणून.”

आक्कानं मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. भागाची अजून सतरा मिनिटं बाकी होती. दोघींपैकी कुणीही टॅबला हात लावला नाही.